उपकरणं जुनी जपा, उपचार मात्र आजचेच घ्या

जुन्या पिढीतले डॉक्टर गेले की कधीतरी त्यांचं घर आवरायला निघतं. माळ्यावरून एक कातडी बॅग खाली येते. आत लाकडाची नळी, काचेच्या सिरिंजा, चिमटे, पितळेची जड डबी, पाऱ्याचं बीपीचं यंत्र. घरात कुणी डॉक्टर उरलेलं नसतं. पितळ आणि स्टील किलोच्या भावाने भंगारात जातं, काच कचऱ्यात जाते आणि पारा कुठे सांडला याची कुणी चौकशीही करत नाही.

जुनी वैद्यकीय उपकरणं जमवणं हा माझा छंद आहे. दुसरा छंद म्हणजे डार्करूममध्ये हाताने छापलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रं जमवणं. दवाखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे पाहून रुग्ण हमखास दोनपैकी एक गोष्ट म्हणतात. एक, "डॉक्टर, या भंगाराचं काय करता?" आणि दुसरी, "तेव्हाचं खरं औषध होतं हो, आता सगळा धंदा झालाय." मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. ही उपकरणं भंगार नाहीत, आणि त्यांच्या काळातले उपचार आजच्यापेक्षा बरे होते असंही नाही. ती जपायची ती त्या काळच्या रुग्णाने काय सोसलं आणि आपली त्यातून सुटका कशी झाली हे कळावं म्हणून.

मुठीवरून काळ ओळखा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली शस्त्रक्रियेची पेटी फार देखणी असते. आत मखमलीचं अस्तर, काळ्याभोर अबनुशी किंवा हस्तिदंती मुठींचे चाकू, करवती. मुठींवर जाळीसारख्या बारीक खाचा असतात. त्या नक्षीसाठी नाहीत, रक्ताने ओला झालेला हात निसटू नये म्हणून आहेत. १८४६ मध्ये ईथर देऊन भूल देता येते हे जगाला कळेपर्यंत रुग्ण शुद्धीत असतानाच पाय कापला जाई, त्यामुळे सर्जनची ख्याती त्याच्या वेगावर ठरे.

आता त्या मुठीकडे रुग्णाच्या बाजूने पाहा. लाकूड आणि हस्तिदंत उकळत्या पाण्यात तडकतं. मखमल तर धुताही येत नाही. म्हणजे एका रुग्णाचं रक्त आणि पू त्या खाचांतून पुढच्या रुग्णापर्यंत जाणार हे ठरलेलंच. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा चिघळण्यापासून वाचवता येतात हे मांडलं. पुढच्या दोन-तीन दशकांत वाफेने आणि उकळून निर्जंतुक करण्याची पद्धत रुळली आणि नक्षीदार मुठी हद्दपार झाल्या. त्यांच्या जागी आली गुळगुळीत, एकसंध धातूची उपकरणं. दिसायला साधी, पण रुग्णाला वाचवणारी. म्हणून संग्राहक मुठीवरून पेटीचा काळ ओळखतात. मला मात्र तिथे जंतुसंसर्गाच्या शास्त्राचा आख्खा इतिहास दिसतो. ऑपरेशनच्या आधी "एवढी स्वच्छता कशाला?" असं विचारणाऱ्याला ही एक मूठ दाखवली की पुरते.

नळी आणि पट्टा

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची एक तरुण रुग्ण होती. तोवर डॉक्टर रुग्णाच्या छातीला थेट कान लावत. इथे तसं करणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. आवाज अधिक स्पष्ट आला. त्यातून पुढे सुमारे फूटभर लांबीची लाकडी नळी तयार झाली. छातीतल्या आवाजांवरून क्षयरोग ओळखायला शिकवणारे लेनेक १८२६ मध्ये स्वतः क्षयरोगानेच गेले. रुग्णाचा संकोच सांभाळायला गेल्यावर तपासणीचं नवं साधन हाती लागलं, हे मला त्या नळीत सर्वांत मोलाचं वाटतं.

दुसरी वस्तू बीपीच्या यंत्राची. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोड दिली. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोटकॉफ यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची पद्धत सांगितली, आणि वरच्या आकड्याबरोबर खालचाही आकडा नीट मिळू लागला. आज तुमच्या रिपोर्टवर बीपीचे आकडे 'मिलिमीटर पारा' या एककात लिहिले जातात ते त्या नळीमुळेच.

रिवा-रोची यांचा पट्टा जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्याने बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. काही वर्षांतच हे लक्षात आलं आणि पट्टा रुंद झाला. हा धडा तुमच्या घरातल्या डिजिटल यंत्रालाही लागू आहे. दंड जाड असेल आणि पट्टा लहान, तर यंत्र कितीही महागडं असलं तरी आकडा फुगलेला येईल, आणि नको असताना गोळ्या वाढतील. पट्ट्याच्या आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के असावी. घरचं बीपी दवाखान्यातल्यापेक्षा सतत वेगळं येत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी पट्टा मोजा.

पितळेची डबी

संग्राहकांची लाडकी वस्तू म्हणजे पितळेची चौकोनी किंवा आठकोनी डबी. वरचा खटका ओढून सोडला की खालून बारीक पात्यांची रांग सटकन बाहेर येते आणि कातडीला एकदम दहा-बारा चिरा पाडते. रक्त काढण्यासाठीच ती बनवली होती. ताप, न्यूमोनिया, डोकेदुखी, घशाची सूज, सगळ्यांवर तेव्हाचा मोठा उपाय म्हणजे अंगातलं रक्त कमी करणं. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा डिसेंबर १७९९ मध्ये घशाच्या आजाराने मृत्यू झाला. त्या अखेरच्या दिवशी त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं गेलं होतं. उपचार करणारे अडाणी नव्हते आणि लबाडही नव्हते. त्यांना जे शिकवलं गेलं होतं तेच त्यांनी मन लावून केलं.

मग हे थांबलं कसं? १८३० च्या दशकात पॅरिसच्या पिएर लुई यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी रुग्ण मोजले. न्यूमोनियात रक्त लवकर काढलं, उशिरा काढलं, किती जगले, किती गेले, हे मांडून पाहिल्यावर या उपचाराचा सांगितला जाणारा गुण आकड्यांत दिसेना. प्रथा लगेच संपली नाही, पण तिचा पाया हलला. आज शरीरात लोह साठत जाणं किंवा तांबड्या पेशी फार वाढणं अशा मोजक्या आजारांतच आम्ही रक्त काढतो, आणि तेही मोजून.

"आमच्या आजोबांना याने गुण आला होता" हा पुरावा का नाही, हे सांगायला माझ्याकडे त्या डबीहून चांगलं साधन नाही. त्या डबीनेही हजारोंना गुण आला होता, निदान त्यांना तसं वाटलं होतं. आज कुणी चुंबकाचा पट्टा, पायांतून विष ओढणारी चिकटपट्टी किंवा सर्व रोगांवरचं एकच यंत्र विकायला आला तर एकच विचारा: किती जणांना दिलं, किती जणांना दिलं नाही, आणि दोन्हींकडे काय झालं?

उकळलेल्या सुईची आठवण

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना स्टीलच्या डब्यात उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा आठवत असतील. कंपाउंडर चिमट्याने सिरिंज उचलायचा, सुई जोडायचा आणि पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरून बोथट झालेली असे. मिक्श्चरच्या बाटलीवर डोस मोजायला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. या आठवणी गोड आहेत, मलाही त्या आवडतात. कपाटातल्या काचेच्या सिरिंजेपुढे लोक सर्वाधिक रेंगाळतात.

पण आठवण गोड असली तरी पद्धत सुरक्षित होतीच असं नाही. गर्दीच्या दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधे सिरिंज पुरेसा वेळ उकळली जाईल याची खात्री कोण देणार? हिपॅटायटिस बीचा विषाणू डोळ्याला न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरतो. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ आली. तपासात बोट गेलं ते वापरलेल्या सिरिंजा आणि सुया पुन्हा वापरण्याकडे. म्हणून काचेची सिरिंज कपाटात जरूर ठेवा, पण इंजेक्शन घेताना नवी सीलबंद सिरिंज डोळ्यांसमोर उघडायला सांगा. तसं सांगण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि गोळीने भागत असेल तर इंजेक्शनचा हट्ट धरू नका.

जपताना जिवाला जपा

जुन्या बॅगेत काही गोष्टी खरोखर धोकादायक असतात. त्या आधी वेगळ्या करा.

- पारा: थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, पण बीपीच्या यंत्रात ८० ते १०० ग्रॅमपर्यंत असू शकतो. धोका मुख्यतः वाफेचा, आणि ती दिसत नाही की तिला वास नाही. पारा सांडला तर मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, अंगावरचं सोनं उतरवा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा पसरतो. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा. मोरीत टाकू नका. गळकं यंत्र संग्रहात ठेवू नका. घातक कचरा कुठे घेतात ते महापालिकेत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात विचारा. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, तो याच कारणाने.
- औषधांच्या बाटल्या: जुन्या बाटल्यांत स्ट्रिकनीन, आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार असू शकतात. हुंगून किंवा चाखून पाहू नका. भाजण्यावर वापरलं जाणारं पिवळं पिक्रिक आम्ल सुकलं की स्फोटक होतं. जुन्या ईथरच्या बाटलीचंही तसंच. अशा बाटल्यांचं बूच फिरवू नका, जागेवर राहू द्या आणि अग्निशमन दलाला विचारा.
- पाती आणि सुया: गंज घासत बसू नका. कापलं तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- जुन्या फिल्म: १९५० च्या आधीची काही छायाचित्रांची आणि एक्स-रेची फिल्म नायट्रेटची असे, आणि ती भयंकर पेट घेते. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशा एक्स-रे फिल्म जळून १२३ माणसं दगावली, बरीचशी विषारी धुरानेच. फिल्म चिकट, पिवळी झालेली आणि उग्र वासाची असेल तर ती उन्हात किंवा तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नका.

वाघ भिंतीवर हवा तर असा

डार्करूममुळेच माझे दोन छंद एकमेकांना भेटतात. चांदीच्या क्षारांचा थर, विकसक द्रव, स्थिरक द्रव, लाल दिवा: एक्स-रे आणि छायाचित्र यांचं रसायन कित्येक दशकं एकच होतं.

दुसरा धागा मात्र कडू आहे. जुन्या उपकरणांच्या हस्तिदंती मुठींसाठी हत्ती मारले गेले. रक्त काढायच्या चाकूंची ठिपक्यांची सुंदर आवरणं म्हणजे समुद्री कासवाची पाठ. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि बाहेरून आलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. तेव्हा "जुनी आहे, चालते" असं विक्रेता म्हणाला तरी हस्तिदंती मुठीचं उपकरण विकतही घेऊ नका आणि विकूही नका. घरात वारशाने आलं असेल तर वनखात्याला विचारून पुढचं पाऊल टाका. माझ्या कपाटात हस्तिदंत नाही आणि येणारही नाही.

प्राणी जवळ असावा असं वाटणं मी समजू शकतो. त्याचा चांगला मार्ग शंभर वर्षांपूर्वीच एकाने दाखवला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे तेव्हाच्या संयुक्त प्रांतातले वनाधिकारी. जंगलातल्या वाटेवर ते तार लावून ठेवत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश पडे आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडे. म्हणजे वाघ आपला फोटो आपणच काढे. शिकारीचा तो काळ, आणि हा माणूस बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन फिरत होता. १९२७ मध्ये त्यांचं वाघांच्या छायाचित्रांचं पुस्तक आलं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात हेही त्यांनी टिपलं. आज वाघांची मोजणी त्याच पट्ट्यांवरून होते.

हाताने छापलेल्या प्रतीचं मोल मला यासाठी वाटतं. छापणारा प्रत्येक प्रतीला प्रकाश किती द्यायचा हे नव्याने ठरवतो, म्हणून दोन प्रती अगदी सारख्या नसतात. ती स्वस्त नसते, पण त्या पैशासाठी कुणाचा जीव जात नाही. हे काम स्वतः करायचं असेल तर हातमोजे घाला आणि खोलीत हवा खेळती ठेवा. विकसकातल्या मेटॉलने हातांना चिवट इसब होऊ शकतो, स्थिरकाच्या वाफांनी दमा उसळू शकतो, आणि काही जुन्या पद्धतींतलं डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. आपल्या पावसाळ्यात प्रतींवर बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, फ्रेममध्ये काच आणि प्रत यांत थोडी फट ठेवा, थेट ऊन लागू देऊ नका.

चिठ्ठी नसेल तर वस्तू मुकी

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात होता. पकडला गेल्यावर त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मेणाच्या पातळ पत्र्याने माप कसं घेतलं, कात भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या कशा चिकटवल्या, हेही त्यात होतं. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचं नाव आहे ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. त्या कारागिराचं नाव मात्र त्या पत्रात नव्हतं, त्यामुळे ते आज कुणाला सांगता येत नाही.

म्हणून कुठलंही उपकरण ठेवताना सोबत चिठ्ठी ठेवा: कुणाचं, कोणत्या गावात, साधारण कोणत्या वर्षांत, कशासाठी वापरलं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. चिंच लावून चकचकीत करू नका. निर्मात्याची कोरलेली अक्षरं आणि वापराच्या खुणा त्यात पुसल्या जातात. कोरड्या मऊ कापडाने पुसणं पुरेसं आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूंच्या कायद्याखाली येऊ शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही परदेशातल्या नातेवाइकांना सांगून ठेवा.

एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. जुनी केसपेपरांची वही किंवा नाव असलेला एक्स-रे मी कधीच कुणाला दाखवत नाही. तो रुग्ण आज हयात नसेल, पण त्याची नातवंडं गावात असतील. आजार कोणाचा होता हे झाकूनही इतिहास सांगता येतो.

तुमच्या घरात अशी बॅग असेल तर विकण्याची किंवा टाकण्याची घाई करू नका. पारा आणि बाटल्या वेगळ्या करा, उरलेलं जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा वस्तुसंग्रहालयाला हवं आहे का ते विचारा. आणि ते उपकरण वापरताना ज्यांनी पाहिलं, किंवा ज्यांच्यावर ते वापरलं गेलं, अशी माणसं घरात असतील तर त्यांच्याकडून ऐकून ते या आठवड्यातच लिहून काढा. वस्तू आणखी पन्नास वर्षं टिकेल. सांगणारं माणूस तेवढं थांबणार नाही.